काल तर चांगला होतास!

सिकलसेल हा रक्ताचा आजार म्हणजे काय, हे विदर्भात कुणाला अ-आ-ईपासून सांगावं लागत नाही. उत्तर नागपुरातल्या कुठल्याही वस्तीत जा, ओळखीपाळखीत एखादं तरी घर असतंच, जिथे कोणी 'एसएस' आहे, म्हणजे आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलेला रुग्ण, आणि कोणी 'एएस', म्हणजे एकाकडूनच आलेला वाहक. शाळांत तपासणीची शिबिरं होतात, १९ जूनला जागतिक सिकलसेल दिन साजरा होतो. १ जुलै २०२३ला पंतप्रधानांनी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. २०४७पर्यंत निर्मूलनाचं लक्ष्य, आणि त्यासाठी चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी. तेव्हापासून तर हा शब्द पेपरात सारखाच येतो. माहितीचा दुष्काळ आहे असं मला काही वाटत नाही. तरी एसएस असलेल्या माणसाला या शहरात जे वाक्य ऐकावं लागतं, ते मी पोरगा होतो तेव्हापासून तेच आहे: "काल तं चांगला होता ना बे! आज काहून झोपला?"

मी एसएस आहे. वय चाळिशीपार. चालतो, गाडी चालवतो, एका खासगी कार्यालयात हिशेबाचं काम करतो. रस्त्यात मला पाहून याला काही झालेलं आहे असं कुणाच्या मनातही येणार नाही. डोळे तेवढे पिवळसर असतात आणि त्याचा अर्थ लोक आपापल्या परीनं लावतात. कोणी कावीळ म्हणतं, कोणी दारू. कावीळ म्हणणारे झाडपाल्याच्या औषधाचा पत्ता देतात. दारू म्हणणारे काही बोलत नाहीत, फक्त हजेरीचा विषय निघाला की एकमेकांकडे बघतात.

अशा अपंगत्वाबद्दल सहसा सांगितलं जातं, की ते डोळ्यांना दिसत नाही म्हणून लोकांना कळत नाही. जागृती करा, कळेल. हे निदान मला पटत नाही. बायपास झालेल्या काकांचं तरी काय दिसतं? शर्टाची बटणं काढून टाके कोणी तपासत नाही. "बायपास झालंय" एवढं म्हणायचा अवकाश, लोक खुर्ची सरकवतात, हातातली पिशवी घेतात, लग्नात कमी तेलाची भाजी वेगळी काढून ठेवतात. पेसमेकर दिसत नाही, काढून टाकलेली किडनी दिसत नाही, तिथे लोकांचा विश्वास बसतोच. आमच्यावर बसत नाही, कारण आमचं दुखणं रोज सारखं नसतं. रविवारी वरातीत नाचलेला माणूस मंगळवारी पलंगावरून उठू शकत नाही आणि शुक्रवारी पुन्हा कामावर हजर होतो. आपल्याला आजार चालतो, अपंगत्वही चालतं, पण ते एकदा ठरलं की ठरलेलं पाहिजे. येतं-जातं अपंगत्व म्हणजे सोंग. ही समजूत शेजारपाजारच्या चार लोकांची असती तर मी लिहायला बसलो नसतो. ती आपल्या शाळांच्या, कचेऱ्यांच्या, दवाखान्यांच्या आणि कायद्याच्याही हाडीमासी भिनलेली आहे.

रक्तात काय घडतं ते थोडक्यात सांगतो. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं, एवढाच फरक. पण प्राणवायू सोडून दिला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि गोल तांबड्या पेशीचा विळा होतो. साधी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते; विळा झालेली १० ते २० दिवसांत मरते. म्हणून रक्त कायम कमी आणि डोळे कायम पिवळे. ही झाली रोजची बाजू, हिची सवय होते. दुसरी बाजू म्हणजे क्रायसिस. हे विळे बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, पुढे रक्त जात नाही, आणि रक्त न पोचलेलं हाड ठणकायला लागतं. कधी मांडी, कधी पाठ, कधी छाती. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला, दमछाक झाली, एवढं निमित्त पुरतं. कधी निमित्तही लागत नाही. आता ही यादी घेऊन नागपूरच्या वर्षाकडे बघा. मे महिन्यात पारा ४५च्या वर, घशाला कोरड, नवतप्यात तर घराबाहेर पडायची सोय नाही. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तोच पारा एक आकड्यावर येतो. उरला पावसाळा, आणि त्यातही भिजायचं नाही.

क्रायसिसची गोम अशी, की तो कुठल्याच चाचणीत धड सापडत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो. हिमोग्लोबिन सात-आठ, पण माझं एरवीही तेवढंच असतं. माझं दुखणं मोजायला डॉक्टरकडे माझ्या शब्दापलीकडे काही नसतं. एका मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीतली रात्र सांगतो. बायको खिडकीवर केसपेपर काढत होती. मी बेडवर आडवा न होता भिंतीला पाठ लावून बसलो होतो, कारण आडवं झालं की पाठीतली कळ वर चढते. ड्यूटीवरच्या पोरसवदा डॉक्टरला म्हटलं, "एसएस आहे, क्रायसिस आहे. सलाईन लावा आणि ट्रामाडॉल द्या." अफूच्या जातीच्या या वेदनाशामकाचं नाव ऐकून त्याचं पेन थांबलं. "तुम्हाला नाव कसं माहीत?" मी ओरडत नव्हतो, हेही माझ्या विरोधात गेलं. जन्मभर दुखणारा माणूस ओरडत नसतो, ती हौस लहानपणीच फिटलेली असते. तो दात आवळून मोबाइल बघत बसतो, आणि मोबाइल बघणाऱ्याला दुखत असेल असं कुणाला वाटत नाही. त्यानं पॅरासिटामॉलची बाटली लावली आणि सकाळच्या राउंडपर्यंत थांबायला सांगितलं. माझा त्याच्यावर राग नाही. तो स्वतःच झोपेनं अर्धमेला झालेला होता. पण हाताशी नियम असता तर त्याला माझा चेहरा वाचत बसावं लागलं नसतं. ब्रिटनमध्ये उपचारांचे निकष ठरवणाऱ्या नाइस या संस्थेची २०१२ सालची सूचना आहे, की क्रायसिसमधला सिकलसेलचा रुग्ण आला की अर्ध्या तासाच्या आत वेदनाशामक मिळालं पाहिजे. आधी औषध, बाकीची चौकशी मागून.

शाळेचं उदाहरण मला याहून बोचतं, कारण तिथे सगळे आपापल्या जागी बरोबर असतात. सिकलसेलमध्ये किडनीला लघवी दाट करता येत नाही. त्यामुळे पाणी भरपूर प्यावं लागतं आणि तितक्याच वेळा जावंही लागतं. लहान पोरं बरीच मोठी होईपर्यंत अंथरूण ओलं करतात आणि त्यासाठी मार खातात. आता अशा पोराला बोर्डाच्या पेपरला बसवा. दुसऱ्यांदा हात वर केला की पर्यवेक्षक बाईंना कॉपीचा वास येतो. त्यांचंही चुकत नाही, कॉप्या खरोखरच बाथरूममध्ये लपवलेल्या सापडतात. पोराला हे सगळं ठाऊक असतं. म्हणून ते पेपरच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही. मार्चमध्ये, नागपुरात! म्हणजे बाथरूमचा नियम पाळता यावा म्हणून ते क्रायसिसला घरी बोलावतं, आणि पुढच्या पेपरला गैरहजर राहिलं की घरचे म्हणतात, परवा तर चांगला पेपर लिहून आला, आता अभ्यास झाला नसेल म्हणून नाटकं करतो आहे. मैदानाला फेऱ्या मारायची शिक्षा आणि हॉस्टेलात हिवाळ्याच्या पहाटे थंड पाण्याची आंघोळ यांबद्दल वेगळं लिहायला नको.

कायद्याकडे येऊ. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ते २१ केले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे तीन आजार आले. सिकलसेलला या यादीत जागा मिळावी म्हणून धडपडलेल्यांत नागपूरचे संपत रामटेके आणि त्यांची सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया यांचं नाव मोठं आहे. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. यादीत नाव आलं याचं मोल मी कमी लेखत नाही. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षणात ५ टक्के राखीव जागांचा हक्क मिळतो. एसटीच्या साध्या गाडीत सिकलसेलच्या रुग्णाला तिकीट माफ आहे.

पण नोकरीचं कलम ३४ वाचा. तिथे ४ टक्के आरक्षण आहे, आणि ते कुणाकुणाला याची वेगळी यादी आहे. अंध आणि अल्पदृष्टी, कर्णबधिर, मग हालचालीचं अपंगत्व, त्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिडहल्ला, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पुढे स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, शेवटी बहुविकलांगता. रक्ताचे तिन्ही आजार गायब. शिकताना अपंग, नोकरी मागताना धडधाकट!

याहून विचित्र गोष्ट पुढे आहे. सिकलसेलमध्ये मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त कमी पडत गेलं की ते हळूहळू झिजून बसतं. वैद्यक त्याला एव्हीएन म्हणतं, आमच्याकडे लोक 'खुबा गेला' म्हणतात. कित्येक पोरांचा ऐन तारुण्यात जातो. खुबा गेला की माणूस लंगडतो आणि लंगडला की तो हालचालीच्या अपंगत्वात बसू शकतो, म्हणजे कलम ३४चं दार त्याला उघडतं. वर्षानुवर्षं आतून हाड कुरतडलं जात असताना तो आरक्षणाला अपंग नव्हता; हाड संपलं तेव्हा झाला. जो आजार वेळीच उपचार, हायड्रॉक्सीयुरिया हे औषध, विश्रांती आणि बऱ्यापैकी नोकरी यांनी आटोक्यात ठेवता आला असता, त्याची दखल सरकार तो दिसायला लागल्यावर घेतं. रस्त्यावरचा माणूस आणि कायदा इथे एकाच नजरेनं बघतात.

टक्केवारीतही हीच खोट आहे. मेडिकल बोर्डासमोर माणूस जातो तो बऱ्या दिवशी, कारण क्रायसिसमध्ये रांगेत उभं राहता येत नाही. बोर्ड कागद मागतं: भरती झाल्याचे, रक्त चढवल्याचे. घरी गरम पाण्याची पिशवी घेऊन काढलेल्या रात्रीचा कागद नसतो. आणि रोजमजुरीवरची माणसं भरती व्हायचं टाळतात, कारण भरती म्हणजे त्याची मजुरी बुडाली आणि सोबत बसणाऱ्याचीही. ज्याच्याकडे सोसण्याखेरीज इलाज नाही त्याची टक्केवारी कमी भरते.

न्यायालयांनी याबाबतीत सरकारच्या पुढे पाऊल टाकलं आहे. नागरी सेवा परीक्षेच्या एका उमेदवाराला रायटर्स क्रॅम्प होता. हात एरवी ठीक, लिहायला घेतलं की आवळतो. ४० टक्क्यांच्या रेघेच्या आत नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला गेला. ११ फेब्रुवारी २०२१ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ही रेघ आरक्षणासाठी आहे. लेखनिकासारखी सोय प्रत्येकाची गरज बघून द्यायची असते, तिला ४० टक्क्यांची अट लावता येत नाही. हा निकाल आमच्या पाण्याच्या बाटलीला आणि बाथरूमलाही तितकाच लागू पडतो, असं माझं वाचन आहे. एखाद्या शाळेनं तो तसा वाचलेला मात्र मला अजून भेटायचा आहे.

इथे हमखास एक आक्षेप येतो, आणि तो खोटा नाही. बोगस प्रमाणपत्रं आहेतच. २०२४ साली एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्रावरून महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. पुढे राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांची फेरतपासणीही सुरू झाली. व्हायलाच पाहिजे. पण बोगस प्रमाणपत्र तयार कुठे होतं? टेबलावर होतं, सही करणारा असतो, करवून घेणारा असतो, मधला दलाल असतो. तपासणी तिथे करा. त्याऐवजी दर घोटाळ्यानंतर मेट्रोच्या लिफ्टसमोरचे काका तपासणी अधिकारी होतात: "जवान पोट्टा आहे, जिन्यानं जा नं." त्यांना घोटाळा पकडता येणार नसतो. पकडला जातो तो आमच्यातला एखादा, जो चार जिने चढून दाखवतो आणि संध्याकाळी त्याची किंमत मोजतो.

शिवाय सिकलसेलच्या बाबतीत हा संशय वैद्यकीयदृष्ट्याही हास्यास्पद आहे. २१ प्रकारांत सोंग करायला सगळ्यात अवघड असा हाच आजार असेल. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, रक्ताची एक तपासणी, आणि एस हिमोग्लोबिन कागदावर उमटतं. ते जन्मापासून असतं आणि कुणाचा अस्थिमज्जा जुळून प्रत्यारोपण झालं नाही तर मरेपर्यंत राहतं. आजार एकदाच आणि कायमचा सिद्ध करता येतो. सिद्ध करता येत नाही ते एवढंच, की आज दुखतं आहे. आणि आपण नेमका त्याचाच पुरावा रोज मागतो! साहेब म्हणतात, "आधी सांगायचं ना." हिंगणा किंवा बुटीबोरीच्या एमआयडीसीत कंत्राटावर असलेल्या पोराला तर साहेबही भेटत नाही; खाडा पडला की पैसे कापले जातात, दोन-तीनदा झालं की ठेकेदार दुसरा माणूस आणतो. विश्वास ठेवायला किती पडतं याचा हिशेब मी धंद्यानंच करतो म्हणून सांगतो. एखाद्या सोंगाड्याला चुकून बसायला जागा दिलीत तर वर्धमाननगरहून बर्डीपर्यंत तुम्हाला उभं राहावं लागेल. खऱ्याला नाकारलीत तर त्याची भरती, सलाईन, बुडालेली मजुरी, क्वचित छातीतला क्रायसिस, ज्यात माणूस जाऊ शकतो.

काही जण उपाय सुचवतात की गळ्यात ओळखपट्टी घाला. २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलाची पट्टी निघाली आणि नंतर बऱ्याच देशांत गेली. तिथे ती चालत असेल. इथे मला ती नको. नागपुरात लग्नाच्या वयाच्या पोरीनं असली पट्टी घालून सीताबर्डीवरून एक चक्कर मारावी, संध्याकाळपर्यंत मावशीचा फोन येईल. घरोघरी सिकलसेलचं कार्ड कपाटात साड्यांच्या घडीखाली असतं ते उगाच नाही. 'पोरगी जरा नाजूक आहे' म्हणून लग्नं लावली जातात, आणि मग सासरी पहिल्या बाळंतपणात सगळं बाहेर येतं. दोघंही एएस असतील तर दर गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, हे गणित लग्नाआधी दोन्हीकडच्यांनी बसून करायचं असतं. पण ते उघड बोलायला आधी सिकलसेल ही लपवायची गोष्ट राहता कामा नये, आणि पट्टी घालून तसं होत नाही.

लपवण्यामागे आणखी एक कारण आहे, त्यावर आपण चारचौघांत बोलत नाही. विदर्भात हा आजार बौद्ध आणि आदिवासी समाजांत जास्त आढळतो, कुणबी-तेल्यांसारख्या इतर मागास जातींतही आहे. त्यामागे इतिहास मलेरियाचा आहे: एएस माणसाला गंभीर मलेरियापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळतं, म्हणून जंगल आणि हिवतापाच्या मुलखात हे जनुक टिकून राहिलं. जातीतल्या जातीत लग्नं करून आपण ते आणखी नीट जपलं, हा भाग वेगळा. पण ऑफिसात याचं भाषांतर काय होतं? "यांना आधीच सवलती, आता ही आणखी एक." काल चांगला असलेला माणूस आज रजेवर, आणि वरून तो त्या वस्तीतला, म्हणजे आळशीपणाचा शिक्का आधीच तयार असतो, आजार फक्त त्याला तारीख पुरवतो. उच्चवर्णीय घरातल्या मायग्रेनला 'हिला बिचारीला फार त्रास आहे' म्हणतात, हे मी माझ्याच कार्यालयात ऐकलेलं आहे.

दर हिवाळी अधिवेशनात दिव्यांगांचे मोर्चे नागपुरात येतात. पुढच्या रांगेत तीनचाकी सायकली आणि कुबड्या असतात, कॅमेऱ्याला तेच लागतं, आणि मागण्या मांडताना नेत्यांनाही. आमच्यासारखे मागच्या रांगेत, बघ्यांपासून वेगळे ओळखू न येणारे. शिवाय डिसेंबरची थंडी, आमच्यातले बरेच जण त्या आठवड्यात घरीच पडलेले असतात. कलम ३४ बदलायचं तर ते दिल्लीतच, आणि त्यासाठी भांडत राहावं लागेल. पण बाकीच्या पुष्कळ गोष्टींना संसद लागत नाही. शिक्षण मंडळाचं एक परिपत्रक काढून सिकलसेलच्या मुलाला पेपरला पाण्याची बाटली आणि हवं तेव्हा बाथरूम देता येतं, हॉलतिकिटावर तशी नोंद केली की पर्यवेक्षक बाईंनाही शंका घ्यायचं कारण उरत नाही. सरकारी कचेऱ्यांत अशा कर्मचाऱ्याला वर्षाच्या काही रजा दर वेळी नव्या दाखल्याशिवाय देता येतील. दाखला एकदा दिलेला आहेच, रक्त दर महिन्याला बदलत नाही. आणि राज्याच्या दवाखान्यांत, जिथे रुग्णाचा एसएस अहवाल बहुतेकदा त्याच इमारतीच्या प्रयोगशाळेतून निघालेला असतो, तिथे केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात एक शिक्का मारता येतो: सिकलसेल क्रायसिस, वेदनाशामक अर्ध्या तासात, दिल्याची वेळ, देणाऱ्याची सही.